बिनपाण्याची हजामत

एखाद्याची यथेच्छ खरडपट्टी काढली, की ‘त्याची बिनपाण्याने केली’ असे मराठीत म्हटले जाते. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजला, त्याला क्षौराचे मर्म पुरते उमगलेले असले पाहिजे. वस्तरा कितीही धारदार असो, कोरड्या केसांवर आणि कोरड्या कातडीवर तो फिरला, की होणारी आग दिवसभर पाठ सोडीत नाही.

डोके तासून गुळगुळीत ठेवण्याची चाल या देशात फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूच्या आठ परिष्कारांत चीवरे आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला वस्तऱ्यालाही स्थान आहे. प्रयागच्या संगमावर मुंडन होते. तिरुमलै येथील कल्याणकट्टात तर रात्रंदिवस वस्तरे चालू असतात. अलीकडे त्यात आणखी एका वर्गाची भर पडली आहे. माथ्यावर टक्कल पडल्यावर कानांच्या वर आणि मानेमागे उरलेली झालर जपण्यापेक्षा सारेच डोके साफ ठेवावे, असे अनेकांना वाटते. यात्रेकरूचे मुंडन प्रसंगोपात्त होते. या गृहस्थांना मात्र दर दोन-तीन दिवसांनी पाते हाती घ्यावे लागते. साहजिकच कातडीच्या तक्रारीही त्यांच्याच अधिक.

ही आग होते तरी का? कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये आतला ओलावा राखतात. पाते केसांबरोबर या थराचाही काही अंश खरवडून नेते. केस जितका कठीण, तितका हाताचा दाब अधिक आणि तितकी ही खरवडही अधिक. उलटपक्षी, केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेऊ शकतो आणि भिजला म्हणजे फुगून मऊ होतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे मात्र द्यावी लागतात. म्हणून स्नानानंतर लगेच, किंवा कोमट पाण्यात भिजवलेला पंचा डोक्याभोवती थोडा वेळ गुंडाळून मग क्षौर करावे. जुना नाभिक वस्तरा हाती घेण्यापूर्वी वाटीतल्या पाण्याने डोके चोळीत बसे, तो वेळकाढूपणा नव्हता. निम्मे काम तेथेच होत असे.

यानंतर दाट, स्निग्ध फेस लावावा. अंगाचा साधा साबण कातडी कोरडी करतो. दाढीचा मलईसारखा साबण बरा. डोक्यावर केसांची दिशा सर्वत्र सारखी नसते. भोवऱ्यापाशी ते चक्राकार फिरतात, मानेपाशी आडवेतिडवे जातात. बोटांनी चाचपून ती दिशा ओळखावी आणि केसांच्या कलाने, हलक्या हाताने पाते चालवावे. एकाच जागी पुनःपुन्हा फिरवणे टाळावे.

खरा शत्रू आहे तो अतिरेकी गुळगुळीतपणाचा हव्यास. कातडी ताणून उलट्या दिशेने पाते ओढले, की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. अनेक पात्यांच्या रेझरमध्येही हेच घडते. पहिले पाते केस किंचित वर ओढते आणि पुढचे त्याला खोल कापते. केस कुरळा असेल, तर त्याचे तिरपे, अणकुचीदार टोक वाढताना वळून पुन्हा कातडीतच शिरते. शरीर त्याला परका समजून झुंजू लागते आणि लालसर फोड उठतात. मानेमागे तर काहींना कायमच्या कठीण गाठी येतात. असे फोड दिसताच पाते काही दिवस बाजूला ठेवावे व केस यंत्राने अगदी बारीक करावेत. गाठी होऊ लागल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. शिवाय केस दिवसाला सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर वाढतो. खोल कापून मिळवलेला तो जादा गुळगुळीतपणा काही तासांचाच पाहुणा असतो.

दुसरी दक्षता याहून मोलाची आहे. यंत्राच्या खुर्चीत वा नाभिकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्यासाठी नवे पाते लावले जात आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. हिपॅटायटिस-बी या यकृतदाहाचे विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरू शकतात. रक्ताचा दिसू न येणारा अंशही त्यांना पुरतो. वस्तरा पाण्यात बुडवून फडक्याने पुसला, म्हणजे तो निर्जंतुक होत नाही. तुरटी रक्त थांबवते. पण दुसऱ्याच्या पात्याचा दोष ती धुऊन काढीत नाही. पाते बदलण्याची मागणी करण्यात संकोच नसावा, आणि ती ऐकण्यात नाभिकानेही अपमान मानू नये.

क्षौर आटोपल्यावर डोके गार पाण्याने धुवावे, चोळून न पुसता टिपून घ्यावे आणि सुगंधरहित मलम लावावे. स्पिरिटयुक्त सुवासिक द्रव्ये झोंबतात व कातडी आणखी सुकवतात. तिरुमलै येथे मुंडनानंतर चंदनाचा लेप लावण्याची चाल आहे. त्याने गारवा वाटतो, तथापि ऊन अडत नाही. केसांचे छत्र गेलेल्या माथ्याला टोपी, छत्री किंवा पागोटे हवेच.

सारांश, गुळगुळीत डोके हे केवळ धारेचे काम नव्हे. पाणी, धीर आणि स्वच्छ पाते या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत; त्यांतील एक जरी चुकली, तरी तिची किंमत कातडीला मोजावी लागते.