बंबाची ऊब माडीवर

पुणे परिसरातील हिवाळा सौम्य खरा. तथापि 17 जानेवारी 1935 रोजी पुण्याचा पारा 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची वेधशाळेच्या दफ्तरी नोंद आहे, आणि आजही पौषातल्या पहाटे भोसरी, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यातील चाळवजा इमारतींच्या वरच्या मजल्यावर, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराला एकेरी विटेच्या भिंतींतून आणि पत्र्यातून झिरपणारा गारठा चांगलाच झोंबतो. खाली अंगणात मात्र आंघोळीच्या पाण्याचा बंब धगधगत असतो; सबब, ही ऊब माडीवर निर्धोकपणे कशी न्यावी, हा प्रश्न विचारार्ह आहे.

सर्वांत सहज सुचणारी आणि सर्वांत घातक तजवीज म्हणजे घमेल्यात निखारे भरून वर नेणे. धूर सरलेला लालबुंद निखारा निरुपद्रवी भासतो. वस्तुतः त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि हा रंगगंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक आसक्तीने चिकटत असल्यामुळे निजलेला माणूस, गुदमरल्याची जाणीवही न होता, बेशुद्ध होतो. खिडकी किलकिली ठेवणे हा यावर पुरेसा बंदोबस्त नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. बंबही बंद न्हाणीघरात पेटवू नये. त्याची जागा उघड्या पडवीत.

मग तापलेली हवाच वर जाऊ द्यावी काय? जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्याला ही ऊब आपसूक मिळे आणि तेथे ठेवलेले बियाणे कोरडे राही; परंतु हलकी झालेली हवा ज्या वाटेने चढते त्याच वाटेने धूर चढतो, आणि दुर्दैवाने आग लागलीच तर ज्वाळाही. शिवाय हवा हे उष्णतेचे दुबळे वाहन होय. 10 फूट लांब, तितक्याच रुंद आणि उंच खोलीतील सारी हवा सुमारे 30 किलो भरते. तिचे तापमान 10 अंशांनी वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी 10 लिटर पाणी अवघे 7 अंश निवताना देऊन टाकते! अर्थात यातला मोठा वाटा भिंती आणि फरशी गिळून टाकतात. म्हणून खोली तापविण्यापेक्षा ऊन पाण्याची रबरी पिशवी, फडक्यात गुंडाळून, पांघरुणात ठेवणे श्रेयस्कर.

बंबाची घडण या दृष्टीने मोठी शहाणपणाची आहे. तांब्याच्या टाकीच्या मधून उभी नळी जाते; नळीत जाळ, भोवती पाणी. नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी उतरते आणि वर साचलेले कढत पाणी तोटीतून आपोआप बाहेर पडते. तोटी सदैव उघडी असल्यामुळे वाफेचा दाब साचत नाही. हेच पाणी नळांद्वारे माडीवर खेळवावयाचे तर गरम पाण्याचा नळ बंद टाकीच्या माथ्यापासून वर जावा, निवलेल्या पाण्याचा नळ तळाशी परतावा, आणि सर्वांहून उंच ठिकाणी उघडी टाकी असावी. म्हणजे ऊन व थंड पाण्याच्या घनतेतील फरकानेच, पंपाशिवाय, प्रवाह चालू राहतो. जाळ आणि ती उघडी टाकी यांमध्ये मात्र बंद करता येईल अशी एकही तोटी नको: पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1,600 पट होते, आणि कोंडलेली वाफ तांब्याचा पत्राही फाडते.

राहिला प्रश्न बंबफोडीचा. या पट्ट्यात कारखान्यांची मोडकी खोकी आणि पॅलेट सर्रास जळणात जातात. निर्यातीच्या लाकडावर ओंबीच्या चिन्हाशेजारी शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ‘एमबी’ शिक्क्याचे, रंग दिलेले किंवा तेल प्यालेले लाकूड, तसेच सरसाने चिकटविलेले प्लायवूड, बंबात घालू नये. शिक्का वाचता येत नसेल तर ती फळी बाजूलाच ठेवावी.