चालती गाडी कागदावर कशी संपते

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकाच वेगाने एकाच खांबावर आदळल्या असं समजा. एक दोन वर्षांची, दुसरी पंधरा वर्षांची. दोघींचं बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, डावा हेडलाइट गेला, मडगार्ड चाकाला घासायला लागलं. गॅरेजवाल्याने दोघींचं एस्टिमेट काढलं तर आकडाही उन्नीस-बीस. पंधरा-वीस दिवसांत पहिली गाडी चकाचक होऊन घरी येते. दुसरीच्या मालकाला फोन येतो, "साहेब, तुमची गाडी टोटल लॉसमध्ये बसतेय." मालक गॅरेजमध्ये जाऊन बघतो तर गाडी चारही चाकांवर उभी, दारं नीट लागतायत, टेपसुद्धा वाजतोय. हिला संपली कशी म्हणायचं?

मार सारखाच बसलेला असतो. फरक पडतो तो भागाकारात. वर दुरुस्तीचा खर्च, खाली गाडीची विम्यातली किंमत. वरचा आकडा वयाप्रमाणे कमी होत नाही, कारण डेंटर आणि पेंटर मजुरी घेताना गाडीचं वय विचारत नाहीत. खालचा आकडा मात्र दरवर्षी घसरत जातो. त्याला सगळे आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीच्या विक्रीच्या किमतीतून घसारा वजा करून तो निघतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग दरवर्षी दहा-दहा वाढवत पाच वर्षांपर्यंत ५०. पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा, आणि गाडी उचलून आणण्याचा, एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. जुन्या गाडीची आयडीव्ही ८०,००० असेल तर रेघ ६०,००० वर येते, आणि ६५,००० चा खर्च निघाला की ती रेघेपलीकडे गेली. नव्या गाडीची आयडीव्ही सहा लाख असेल तर तेवढ्याच खर्चाकडे कोणी मान वर करूनही बघत नाही.

मला या हिशोबाचं खरं नवल वाटलं ते त्याचं मूळ कळल्यावर. हा नियम मोटारींसाठी जन्मलाच नव्हता, तो समुद्रावरचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीगृह होतं. जहाजमालक, व्यापारी आणि जोखीम घेणारे लोक तिथे बसत, आणि त्यातूनच पुढे लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. त्या व्यवसायातली एक जुनी अडचण अशी: जहाज बुडालं तर प्रश्नच मिटला, पण ते दूरच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून बसलं तर? शिडं फाटली आहेत, तळाला भगदाड आहे, तरी लाकूड शाबूत आहे. पैसे ओतले तर ते सुटेल, पण ओतायचे पैसे जहाजाच्या किमतीहून जास्त. अशा वेळी मालकाने ते आहे तिथे विमेकऱ्याच्या स्वाधीन करायचं आणि पूर्ण भरपाई घ्यायची. जहाज डोळ्यांना दिसतंय, पण व्यवहारात ते बुडालं असं मानायचं. ब्रिटिशांच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात ही कल्पना कलमबद्ध झाली आणि आपल्या १९६३ च्या कायद्यातही ती आहे. आज आपण टोटल लॉसच्या कागदांवर सही करून चाव्या देतो तेव्हा हेच रुतलेलं जहाज सोडून देत असतो.

आणि गाडीवरच्या जिव्हाळ्याचं काय? तो हिशोबात कुठेच का नाही? हा प्रश्न तर जहाजांच्याही आधीचा निघाला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेला रोमन कायदेपंडित पॉलस याने तो एका भयंकर उदाहरणातून मांडला आहे. रोममध्ये गुलाम ही मालमत्ता होती, आणि मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेला मुलगाही कायद्याने गुलामच असे. असा मुलगा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर बापाने त्याच्यासाठी वाटेल ती किंमत मोजली असती. म्हणून कोणी गुलामाला मारलं आणि तो मालकाचा स्वतःचा मुलगा असला तर भरपाई जास्त द्यायची का? पॉलस म्हणतो, नाही. वस्तूची किंमत एकाच्या मायेवर ठरत नाही, सर्वसाधारणपणे ती जेवढ्याची समजली जाते तेवढीच. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायद्याचा जो संग्रह करवला त्यात हे मत जपलं गेलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण तर्काची दुसरी बाजूही दिसते. मायेचा भाव धरायचा ठरवला तर तो कोण ठरवणार, आणि सगळ्यांच्या हप्त्यांतून तो कसा भरणार? मला हा तर्क पटतो, आणि तरीही ज्याच्या घरातून पंचवीस वर्षांची गाडी टोचन लावून नेली जाते त्याच्यासाठी तो अपुरा आहे, असंही मनापासून वाटतं.

थोडं पत्र्याकडेही बघू. पूर्वी माझा समज होता, मजबूत गाडी म्हणजे न वाकणारी गाडी. बेला बारेन्यी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याने डाइमलर-बेंझमध्ये काम करताना नेमकं उलट सांगितलं: मधली बैठकीची जागा कडक ठेवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करा. त्याचा पेटंट अर्ज १९५१ चा, आणि १९५९ मध्ये त्या तत्त्वावरची मर्सिडीज रस्त्यावर आली. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट झाला, पण ऊर्जा सव्वादोनपट. ती ऊर्जा माणसाच्या छातीत जाण्याऐवजी पत्रा दुमडण्यात खर्च व्हावी, अशी ही योजना. म्हणजे अपघातानंतर केविलवाणं दिसणारं ते पुढचं तोंड पुष्कळदा आपलं काम चोख करून गेलेलं असतं. एकदा घडी पडलेला पत्रा ठोकून सरळ केला तरी दुसऱ्यांदा तशीच साथ देईल याची खात्री नसते. शिवाय आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. चाकाजवळचा आतला पत्रा, म्हणजे ॲप्रन, थोडासा सरकला तरी चाकांचं अलाइनमेंट बसत नाही, आणि एस्टिमेट भराभर चढतं.

पाण्याने जाणाऱ्या गाडीवर तर बाहेरून ओरखडाही नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत गाड्या टपापर्यंत बुडाल्या. बंद इंजिनाचं पाण्यात लगेच फारसं बिघडत नाही, ते बिघडतं चावी फिरवल्यावर. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे २६५ सीसी जागा, आणि पिस्टन पूर्ण वर गेला की उरते ती साधारण दोन-तीन मोठे चमचे पाणी मावेल एवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी आत शिरलेलं असताना पिस्टन वर ढकलला गेला तर तो मध्येच अडकतो, आणि सगळा जोर जातो खालच्या कनेक्टिंग रॉडवर. ओंजळीत मावणारा हा पोलादी दांडा गॅरेजच्या टेबलावर काढून ठेवलेला बघावा. मधोमध किंचित बाक आलेला असतो, एवढाच. त्या बाकापायी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. साध्या पॉलिसीत या नुकसानीवर नेहमी वाद होतो, कारण ते पाण्याने झालं की चावीने, असा प्रश्न येतो. म्हणून पुरात उभ्या गाडीला स्टार्टर मारू नये, तिला सरळ टोचन लावावं.

गाडीचं काहीही झालं तरी विम्याचा सर्व्हेअर आधी तिची ओळख पटवतो. चॅसी नंबर कोरलेली जागा फडक्याने पुसायची, वर पांढरा कागद धरायचा आणि आडवी पेन्सिल घासायची. करड्या पट्ट्यात एकेक अक्षर, एकेक आकडा पांढरा उमटत जातो. गाडीतला दुसरा कुठलाही भाग बदलता येतो, पण हा नंबर म्हणजेच ती गाडी. म्हणूनच मोडीत गेलेल्या गाडीत चोरांना सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच. टोटल लॉस झालेली गाडी कागदपत्रांसकट भंगारात घ्यायची आणि तिचा नंबर त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीवर ठोकायचा, हा धंदा देशभर चालत आला आहे. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. हे दुःखाच्या भरात राहून जातं. पण आपल्या गाडीच्या नावावर दुसरीच गाडी फिरू नये, एवढं तरी तिच्यासाठी करावंच.

बाकी गाडी सुट्या भागांनी जगते. मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दारांचे ढीग, काचांच्या रांगा आणि तारेत ओवलेले आरसे बघितले की हे पटतं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही कुर्ल्यातच होता. वालचंद हिराचंदांनी उभी केलेली ही कंपनी १९६४ पासून फियाट ११०० डी बनवू लागली. १९७४ मध्ये त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट आणि थंडीत ओढायचा चोक ज्यांच्या हाताला माहीत आहे त्यांना त्या रस्त्यावर एखादा भाग अजूनही लांबून ओळखू येतो.

या पद्मिनीमुळेच मला सगळ्या हिशोबातली सर्वात अजब गोष्ट दिसली. गाडीची किंमत सरळ शून्याकडे जात नाही, पुढे ती पुन्हा वर चढते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्येच त्या वयात पोचल्या. म्हणजे पंधराव्या वर्षी जिला भंगाराचा भाव येतो तीच गाडी पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधली पस्तीस वर्षं तिने काढायची कशी? तीच तर टोटल लॉसची वर्षं. त्या वर्षांत एखादा रिक्षाचा धक्कासुद्धा तिला पुरतो.

त्या वर्षांसाठी नियमांत एक फट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांवर थांबतो. त्यापुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते, आणि टोटल लॉससाठी तोच आकडा पॉलिसीभर धरला जातो. आपण मात्र नूतनीकरणाच्या दिवशी मोबाइलवर हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून तो आकडा स्वतःच तळाला ओढतो, किंवा नुसती थर्ड पार्टी घेऊन मोकळे होतो. गाडी नीट ठेवली असेल तर त्या दिवशी बोलावं. फोटो, सर्व्हिसची बिलं, बाजारात तशा गाड्यांना येणारे भाव पुढे ठेवून आकडा वर मागावा. हप्ता थोडा वाढेल, पण ७५ टक्क्यांची रेघही तितकीच वर सरकेल. आणि तरीही गाडी रेघेपलीकडे गेलीच, तर गाडी आपल्याकडेच ठेवून, अवशेषांची किंमत वजा करून भरपाई देता येईल का, हे सही करण्याआधी विचारावं. पैसे कमी मिळतात, पण गाडी आपल्याच दारात राहते, आणि दुरुस्तीला पाहिजे तेवढा वेळ घेता येतो.