गर्भाची घडण – भाग ९ : चेहऱ्याचे स्नायू, हृदयाचे भाऊबंद

दंड, मांडी, पोट, पाठ यांचे स्नायू गर्भाच्या कण्यालगत दोन्ही बाजूंनी रांगेत तयार होणाऱ्या पेशींच्या ठोकळ्यांतून येतात, हे मागच्या भागात पाहिलं. त्या कामाच्या आरंभी पॅक्स-३ हे जनुक लागतं. मग चेहऱ्याचे स्नायूही तिथलेच असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचं घराणं वेगळं आहे.

१९९७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शाहरागिम ताजबख्श, मार्गारेट बकिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅक्स-३ आणि मिफ-५ ही दोन्ही जनुकं निकामी असलेले उंदरांचे गर्भ तपासले. त्यांच्या धडात आणि पायांत स्नायू तयारच झाले नव्हते. डोक्यातले स्नायू मात्र व्यवस्थित होते. इतका स्वच्छ निकाल देणारे प्रयोग जीवशास्त्रात फार थोडे.

पेशीला प्रत्यक्ष स्नायू बनवण्याचं काम शरीरभर मायो-डी आणि त्याची भावंडं असलेली जनुकंच करतात. फरक आहे तो त्यांना जागं कोण करतं यात. डोक्यात ते काम पिटएक्स-२, टीबीएक्स-१, मायो-आर, कॅप्सुलिन अशा जनुकांकडे असतं. त्यातही प्रत्येकाचा इलाखा ठरलेला. डॅलसमध्ये एरिक ओल्सन यांच्या गटाने २००२ साली मायो-आर आणि कॅप्सुलिन दोन्ही नसलेले उंदीर तपासले, तेव्हा घास चावणारे मोठे स्नायू गायब होते. त्याच भागातून येणारे जबड्याच्या तळाचे स्नायू मात्र शाबूत राहिले. म्हणजे ‘चेहऱ्याच्या स्नायूंचं जनुक’ असं एकच काही नसतं.

माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्यात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानींसारखे उंचवटे येतात. पहिल्या कमानीतून चावण्याचे स्नायू होतात. दुसरीतून हसण्याचे, रडण्याचे, भुवया उंचावण्याचे. या कमानींच्या गाभ्यातल्या पेशी आणि हृदयाचा काही भाग घडवणाऱ्या पेशी सुरुवातीला शेजारी-शेजारी असतात. केवळ शेजारी नव्हे, भाऊबंद. बकिंगहॅम यांच्याच गटात फाबिएन लेस्क्रोआर यांनी २०१० साली उंदरांमध्ये पेशींची वंशावळ लावली. तीत चावण्याचे स्नायू आणि हृदयाचा उजवा कप्पा यांचे पूर्वज एकच निघाले. चेहऱ्यावर भाव आणणारे स्नायू आणि हृदयातून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात तिथला स्नायू यांचेही तसेच. गालावरचा हसरा स्नायू दंडापेक्षा हृदयाला जवळचा आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आणि तिचा उपयोग दवाखान्यात होतो. काही नवजात बाळं शांत असताना त्यांचा चेहरा अगदी सारखा दिसतो, पण रडताना ओठाचा एकच कोपरा खाली जातो. दुसऱ्या बाजूचा, ओठाचा कोपरा खाली ओढणारा स्नायू अपुरा वाढलेला असतो. अशा काही बाळांच्या हृदयातही दोष असतो, हे ग्लेन केलर यांनी १९६९ सालीच नोंदवलं होतं. पुढे त्यांतल्या काहींच्या २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला सापडला. टीबीएक्स-१ याच तुकड्यावर असतं. बाळंतपणात चेहऱ्याची नस दबली तरी तोंड वाकडं दिसू शकतं आणि तसं बहुतेकदा आपोआप सुधारतं. पुष्कळ बाळांत हा दोष फक्त ओठापुरताच असतो. तरीही ‘मोठं झाल्यावर होईल सरळ’ म्हणून सोडून देऊ नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, त्यांनी सांगितलं तर टू-डी इको करून घ्यावा.

स्नायू तयार झाला तरी त्याने कुठल्या हाडाला धरायचं, हे त्याला कसं कळतं? उंदरांत डीएलएक्स-५ आणि डीएलएक्स-६ ही जनुकं काढली तर जबड्याचे स्नायू नीट घडत नाहीत. मात्र ही जनुकं स्नायूंच्या पेशींत नव्हे, तर मेंदूच्या कडेवरून चेहऱ्यात उतरलेल्या दुसऱ्याच पेशींत काम करत असतात. त्या पेशींचा प्रवास पुढच्या आठवड्यात पाहू.