नेसरीचे घोडे आणि नर्मदेचे हाड

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा साथीदारांनी बहलोलखानाच्या फौजेवर घोडे घातले. त्या घोड्यांचे मूळ मात्र दख्खनचे नव्हे. २०२१ मधील प्राचीन डीएनए संशोधनानुसार पाळीव घोड्यांचा उगम सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात झाला.

मग आपला नामशेष रानटी अश्व, नर्मदा खोऱ्यातील जीवाश्मांतून ज्ञात असलेला ‘इक्वस नामाडिकस’, त्यांचा कोण लागतो? येथे हवामान आडवे येते. उष्णतेने डीएनएचे तुकडे होतात. कॅनडातील गोठलेल्या जमिनीत मात्र तो टिकला. तेथील सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीच्या घोड्याचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला. रेडिओकार्बनही सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी. त्याहून जुन्या हाडांसाठी भोवतालच्या गाळाचे वय काढावे लागते. नात्याचा निवाडा तूर्त दातांच्या घडणीवरच.