आभाराचा गुरुवार

आपल्याकडे दिवाळीच्या आधीं दोन दिवस पुण्यामुंबईच्या मोटारतळांवर जी गर्दी उसळते, ती सबंध देशभर आणि एकाच वेळीं उसळली आहे अशी कल्पना वाचकांनीं करावी, म्हणजे अमेरिकेंतील थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याचें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. नोव्हेंबर महिन्यांतील चौथा गुरुवार हा त्या सणाचा दिवस. आभार मानण्याचा दिवस, असा त्या नांवाचा सरळ अर्थ. २०२४ सालीं ह्या सणासाठीं पन्नास मैलांहून अधिक प्रवास करणारांची संख्या आठ कोटींच्या घरांत जाईल, आणि त्यांपैकीं सात कोटींहून अधिक माणसें मोटारीनें जातील, असा तेथील मोटारधारकांच्या संघाचा अंदाज होता. सणाचा विधि म्हणाल तर एवढाच, कीं दूर गेलेल्यांनीं घरीं यावें आणि सर्वांनीं एका मेजाभोंवतीं बसून जेवावें.

ह्या सणाची तिथि मात्र सुखासुखी ठरलेली नाहीं. पूर्वी निरनिराळे प्रांत तो निरनिराळ्या दिवशीं पाळीत. सबंध राष्ट्रानें एकच दिवस पाळावा म्हणून सेरा जोसेफा हेल ह्या बाईंनीं कित्येक वर्षें लेख लिहिले आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रें पाठविलीं. ह्या बाई स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकाच्या संपादिका होत्या, हें मासिकें वाचणाऱ्या घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अखेर १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतांना, अध्यक्ष लिंकन ह्यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. पुढें १९३९ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं, नाताळच्या खरेदीसाठीं व्यापाऱ्यांस अधिक दिवस मिळावे म्हणून, सण एक आठवडा अलीकडे ओढला. कांहीं प्रांतांनीं तें मानलें, कांहींनीं मानलें नाहीं, आणि एकाच देशांत एकच सण दोनदां झाला. टिळक पंचांग मानणाऱ्या घरीं एखाद्या वर्षी गणपति इतरांहून वेगळ्या दिवशीं बसतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. १९४१ च्या कायद्यानें चौथा गुरुवार कायम झाला, तो आजतागायत चालू आहे.

आम्ही न्यू जर्सी प्रांतांतील एडिसन गांवीं गेलीं वीस वर्षें राहतों. आमचे वडील बंधु बॉस्टन शहराजवळ राहतात. मध्यें अंतर अडीचशें मैलांचें. परंतु सहा वर्षें तें कोणीं ओलांडलें नव्हतें. कारण सांगावयास संकोच वाटतो, तरी तें सांगितल्यावांचून पुढील हकीकत कळावयाची नाहीं. वाईस कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर आमचा वाडा होता. वडील वारल्यानंतर तो ठेवावा कीं विकावा, आणि विकल्यास कोणास व किती किंमतीस, ह्यावरून आम्हां दोघां भावांत प्रथम विचारविनिमय, मग वाद आणि शेवटीं अबोला झाला. वाडा विकला गेला. अबोला तेवढा राहिला.

गेल्या वर्षी आमची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठीं आमच्याकडे आली. वय वर्षें एकुणऐंशीं. ऑक्टोबर सरतां सरतां तिनें एके दिवशीं शांतपणें सांगितलें, "तुमच्या त्या आभाराच्या दिवशीं मला थोरल्याकडे जावयाचें आहे. मी एकटी विमानांत बसणार नाहीं. तूं घेऊन चल." ह्यावर 'पाहूं' असें म्हणण्याचीही सोय तिनें ठेविली नव्हती, कारण वहिनींशीं बोलून जेवणाची वेळसुद्धां तिनें आधींच ठरवून टाकली होती.

बुधवारची दुपार ही ह्या प्रवासास सर्वांत वाईट. जो तो तेव्हांच बाहेर पडतो आणि मैलोन्‌मैल मोटारी मुंगीच्या पावलांनीं चालतात. म्हणून गुरुवारीं पहाटे सहाला निघावयाचें ठरलें. घरच्या मंडळींनीं दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी बांधून घेतली, चहाचा थर्मास भरला. महाविद्यालयांतून सुटीसाठीं घरीं आलेले चिरंजीव डोळे चोळीत मागें बसले. आईनें पुढची जागा घेतली आणि मांडीवर एक बरणी धरली. ती क्रॅनबेरीच्या लोणच्याची. क्रॅनबेरी हें करवंदाएवढें, लालभडक आणि अतिशय आंबट फळ. थँक्सगिव्हिंगच्या जेवणांत त्याची गोड चटणी लागतेच. इकडच्या मराठी घरांनीं मोहरी, मेथी आणि हिंग लावून त्याचें लोणचें केलें आहे. बरणी मागें ठेवावी असें आम्हीं सुचविलें. "सांडेल," एवढेंच आई म्हणाली.

हडसन नदीच्या रुंद पात्रावरील पूल ओलांडतांना उजाडलें. पाणी शिशासारखें करडें होतें आणि दोन्ही तीरांवरील झाडें निष्पर्ण झालीं होतीं. पुढें आम्ही ९५ क्रमांकाच्या हमरस्त्यास लागलों. हे रस्ते १९५६ सालच्या कायद्यान्वयें बांधण्यांत आले. विषम क्रमांकाचे मुख्य रस्ते दक्षिणोत्तर जातात, सम क्रमांकाचे पूर्वपश्चिम. हें एक सूत्र कळलें कीं परका मनुष्यही सहसा चुकत नाहीं. न्यू हेवन, न्यू लंडन अशीं नांवें पाट्यांवर येत होतीं आणि मागें पडत होतीं. दोन तास झाल्यावर आई म्हणाली, "नांवें पुष्कळ लागलीं, पण गांव एकही लागलें नाहीं." तिचें म्हणणें खरें होतें. हा रस्ता गांवाच्या अंगाअंगानें जातो. पाट्या वाचावयाच्या आणि पुढें जावयाचें. आम्हीं एका विश्रांतिस्थळीं मोटार उभी करून दशम्या खाल्ल्या. शेजारच्या मोटारींतील एक आजीबाई मांडीवर कापडानें झाकलेलें पक्वान्नाचें ताट सांभाळीत बसल्या होत्या. आईनें आपली बरणी किंचित् वर करून दाखविली, दोघी हंसल्या. भाषेची जरूर पडली नाहीं.

प्रॉव्हिडन्स शहरावरून बॉस्टनची वाट सरळ उत्तरेस जाते. आम्हीं मात्र ४४ क्रमांकाचा रस्ता धरून पूर्वेस प्लिमथ गांवाकडे वळलों. ज्या मेजवानीवरून हा सण निघाला असें मानतात, ती त्या गांवीं झाली. तें ठिकाण आईला दाखवावें, ही चिरंजीवांची सूचना आम्हीं तत्परतेनें उचलून धरली. खरें सांगावयाचें तर, दादांचें दार आणखी दोन तासांनीं दिसेल, हें त्या तत्परतेचें कारण होतें.

प्लिमथच्या समुद्रकांठीं दगडी खांबांचा एक मंडप आहे. कठड्यावरून खालीं वांकून पाहिलें म्हणजे वाळूंत एक धोंडा दिसतो. त्यावर १६२० हा सन कोरलेला आहे. मेफ्लॉवर गलबतांतून आलेल्या यात्रिकांनीं पहिलें पाऊल ह्याच धोंड्यावर ठेविलें अशी आख्यायिका. त्यांच्या स्वतःच्या लेखनांत त्याचा उल्लेख नाहीं. हाच तो धोंडा असें १७४१ सालीं, म्हणजे एकशें एकवीस वर्षांनंतर, चौऱ्याण्णव वर्षांच्या एका वृद्धानें सांगितलें. आई म्हणाली, "एवढासाच?" बहुतेक पाहणारे हेंच म्हणतात.

धोंड्यापेक्षां हकीकत मोठी आहे. गलबतांतून एकशें दोन उतारू आले, आणि पहिल्या हिंवाळ्यांत त्यांतील निम्मे मृत्यु पावले. ज्या जागीं त्यांनीं वस्ती केली तेथें पूर्वी पटक्सेट नांवाचें वाम्पानोआग लोकांचें गांव होतें. युरोपियनांच्या संसर्गानें आलेल्या सांथींत तें सबंध गांव ओस पडलें होतें. शेतें मोकळीं केलेलीं होतीं, पिकविणारे तेवढे उरले नव्हते. त्या गांवचा टिस्क्वांटम नांवाचा एक मनुष्य मात्र जिवंत होता. १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला पळवून नेऊन स्पेनमध्यें विकलें होतें. तेथून तो इंग्लंडांत गेला, आणि १६१९ सालीं परत येऊन पाहतो तों गांवांत कोणी नाहीं. ह्याच मनुष्यानें नवागतांस मका पेरावयास आणि मासळीचें खत घालावयास शिकविलें. १६२१ च्या शरदांत पीक हातीं आलें तेव्हां तीन दिवस मेजवानी झाली. वाम्पानोआगांचा नायक मॅसासॉइट नव्वद माणसांसह आला आणि त्यांनीं पांच हरणें मारून आणलीं. पुढें चौपन्न वर्षांनीं, १६७५ सालीं, त्याच मॅसासॉइटच्या मुलाचें आणि वसाहतवाल्यांचें युद्ध जुंपलें. तो मुलगा मारला गेला, आणि त्याचें मस्तक प्लिमथ गांवांत खांबावर वर्षानुवर्षें लावून ठेवण्यांत आलें.

धोंड्यासमोरच कोल्स हिल ही लहानशी टेकडी आहे. तिच्यावर मॅसासॉइटचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. आम्ही वर चढलों तेव्हां दुपारचे बारा वाजत आले होते आणि तेथें बराच समुदाय जमला होता. कोणी जेवावयास जमलें नव्हतें. १९७० सालीं, वसाहतीस साडेतीनशें वर्षें झाल्याच्या समारंभांत, वाम्पानोआग समाजांतील फ्रँक जेम्स ह्यांना भाषणासाठीं बोलावण्यांत आलें होतें. चालकांनीं भाषणाचा मजकूर आधीं मागवून घेतला, आणि तो न रुचल्यामुळें दुसरें भाषण त्यांच्यापुढें ठेविलें. तें वाचण्याचें जेम्स ह्यांनीं नाकारलें, आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशीं आपल्या लोकांसह ते ह्या टेकडीवर उभे राहिले. तेव्हांपासून दरवर्षी ह्या दिवशीं येथें शोकदिन पाळतात. आम्ही कडेला उभे राहून ऐकत होतों; चिरंजीव आजीच्या कानाशीं लागून सांगत होते. तिनें पदर डोक्यावरून घेतला होता. थंडीसाठीं असेल असें आम्हांला वाटलें.

मोटारींत परत बसल्यावर पुष्कळ वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "आभार मानण्याच्या आधीं, कोणाचें काय गेलें तें विचारावें लागतें. तुम्ही दोघे माझ्या घरावरून भांडलांत. किंमत काय यावी हें तूं बोललास, सही कोणाची आधीं हें तो बोलला. चौपन्न वर्षें त्या वाड्यांत चूल कोणीं पेटविली? मला एकानें तरी विचारलें काय?"

एका समाजाच्या सर्वस्वाच्या हानीशीं आपल्या विकलेल्या वाड्याची तुलना करणें हा आगाऊपणा होईल, आणि ती आईनेंही केली नाहीं. तिनें एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. सहा वर्षें आपली बाजू न्यायाची आहे ह्याचे पुरावे आम्हीं मनांत रचून ठेविले होते. त्या ढिगांत आईचें नांव कोठेंच नव्हतें.

चार वाजतां दादांच्या दारीं पोंचलों. "या," म्हणून ते बाजूला झाले. आईनें बरणी वहिनींच्या हातीं दिली तेव्हां कोठें मांडी मोकळी झाली. मेजाच्या एका टोकाला मुलांच्या हट्टाखातर मागविलेली टर्की होती. दुसऱ्या टोकाला वरणभात, भाजी आणि वहिनींनीं तळलेले लाल भोपळ्याचे घारगे. जेवणापूर्वी प्रत्येकानें आपण कशाबद्दल आभारी आहों हें सांगावें, असा इकडील घरांतून रिवाज आहे. मुलांनीं चटचट सांगून टाकलें. आमची पाळी आली.

आम्ही म्हणालों, "आभार मागाहून मानीन. वाड्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी आईला विचारावयास पाहिजे होतें. तें मीं केलें नाहीं."

कोणी बोललें नाहीं. दादांनीं चष्मा काढून पुसला. मग ते आईकडे वळून म्हणाले, "मीं तरी कोठें विचारलें?"

वाडा परत येणार नव्हता, आणि आईनेंही तो मागितला नाहीं. ती वाड्याविषयीं बोलूं लागली. माजघरांतला हेलकावणारा झोंपाळा, पावसाळ्यांत घाटाच्या पायऱ्या चढून येणारें कृष्णेचें पाणी, सासूबाईंनीं पहिल्यांदा हातीं दिलेल्या कोठीघराच्या किल्ल्या. आम्हां दोघांनाही ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्या रात्रीं निघाल्या. पानें वाळलीं तरी कोणी उठलें नाहीं. लोणच्याची बरणी दोन्ही टोकांना फिरत राहिली.

आई नाताळपर्यंत दादांकडेच राहिली. आम्ही रविवारीं परत निघालों. सणाहून परतणाऱ्या मोटारींनीं रस्ता तुंबला होता. एरवीं साडेचार तासांची वाट, तिला आठ तास लागले. घरीं पाऊल ठेवतों तों दूरध्वनि वाजला. सहा वर्षांत प्रथमच त्यावर दादांचा आवाज होता. लांबच्या प्रवासानंतर आपल्या घरांतून जें एक वाक्य नेहमीं विचारतात, तेंच त्यांनीं विचारलें, "पोंचलांत का रे सगळे?"