टाचण्यांचा हिशेब

अपोलोवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अंतराळवीर असणार. मी अडकलो ते त्यांचे कपडे शिवणाऱ्या बायकांपाशी.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं डोव्हर. तिथला आयएलसीचा कारखाना म्हणजे ‘प्लेटेक्स’ छापाच्या ब्रेसियर विकणाऱ्या रबर कंपनीचीच शाखा. १९६५ साली नासाने तीन कंपन्यांचे पोशाख पारखले आणि पसंत पडला तो इथला. विमानाचे भाग बनवणाऱ्या बड्या कंपनीला अंतर्वस्त्रवाल्यांनी मागे टाकलं, याची मला अजून गंमत वाटते.

खरी अडचण हवेची होती. पोशाखात हवा भरली की तो फुगून ताठ होतो. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह जगात पहिल्यांदा यानाबाहेर तरंगले, पण आतली थोडी हवा सोडून दिल्याशिवाय त्यांना परत आत शिरता येईना. डोव्हरच्या मंडळींनी कोपर, गुडघा, खांदा इथे पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे रबरी सांधे बसवले. एक बाजू मिटते तेव्हा दुसरी उघडते. आतली जागा जवळपास तेवढीच राहते, म्हणून हात वाकवताना हवेशी झगडावं लागत नाही.

त्यावर थरांवर थर, सगळे मिळून एकवीस. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तिघे गेले, त्यानंतर सर्वांत वर काचतंतूंचं न पेटणारं कापड आलं. हे सगळं शिवायचं सिंगरच्या मशीनवर, आणि टीप मिलिमीटरभरही सरकलेली चालत नसे. चुकली म्हणून उसवावी, तर सुईचं भोक मागे राहतंच. एलिनॉर फोरेकर या कामावर देखरेख ठेवत. टाचण्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. एवढ्यावरही विश्वास नको म्हणून पोशाखाचा एक्स-रे काढायचा. थरांत राहिलेली एक टाचणी आतल्या रबरी पिशवीला टोचली, की आतल्या माणसाचा श्वासच संपला. प्रत्येक चांद्रवीरासाठी असे तीन पोशाख त्याच्या मापाने बेतले जात: एक सरावाचा, एक उड्डाणाचा, एक राखीव.

आता काळजी उलटी आहे. हे कपडे टिकवण्यासाठी शिवलेलेच नव्हते. मोहीम पार पडली की काम संपलं, असा हिशेब. रबर मात्र वयाप्रमाणे कडक होतं, तडकतं आणि आम्लाची वाफ सोडतं, ती शेजारच्या थरांना खाते. नील आर्मस्ट्राँगचा पोशाख वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २००६ मध्ये प्रदर्शनातून काढून घेतला. २०१५ साली लोकवर्गणीतून सात लाखांहून जास्त डॉलर जमले, तेव्हा नीट डागडुजी सुरू झाली. धुवायचीही पंचाईत, कारण कापडात चंद्राची धूळ रुतलेली आहे आणि संग्राहकांना ती हवी आहे. हीच धूळ अपोलो १७ च्या दोघांचे हातमोजे घासून काढत होती, झिपा आणि मनगटाच्या कड्यांत शिरून त्या आखडवत होती.

सीटी स्कॅन करून आतले थर पाहिले गेले. मग खास पुतळा घडवला, ज्याच्या आतून हवा खेळती राहील आणि ती वाफ साचणार नाही. २०१९ च्या जुलैत पोशाख पुन्हा लोकांसमोर आला, तो थंड, कोरड्या हवेच्या पेटीत आणि मंद उजेडात. रबर पुन्हा मऊ करण्याचा उपाय यात कुठेच नाही. सारा खटाटोप त्याचं म्हातारपण लांबवण्याचा आहे.