सुप्याच्या बाजारांत जळालेले कागद

आमच्या मैंदर्गीच्या परिसरांत कोठें मारामारी झाली, कोणाची कडब्याची गंज पेटली, कोणाचें उभें पीक रातोरात कापून नेलें, कीं दुसऱ्या दिवशीं पारावर एकच निकाल ऐकूं येतो : "माणसें बिघडलीं." हा निकाल खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु तो अपुरा आहे. शेंकडों माणसें एकाच महिन्यांत आणि एकाच रीतीनें कां बिघडतात, याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत नववीच्या वर्गांत आम्ही दख्खनच्या दंग्यांचा पाठ शिकवीत होतों. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, ते लोक चोर होते काय?" घंटा झाल्यामुळें प्रश्न तसाच राहिला. त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराचा दिवस होता. भोंवतालच्या खेड्यांतील कुणबी मोठ्या संख्येनें जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. लूट झाली, एक घरही जळालें. परंतु जमावाला मुख्यतः हवीं होतीं तीं कर्जखतें, हिशेबाच्या वह्या आणि कोर्टाचे हुकूमनामे. हे कागद हातीं येतांच त्यांची होळी झाली. ज्या सावकारानें कागद मुकाट्यानें काढून दिले, त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाहीं. पुढें हें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. सुमारें साडेनऊशें माणसें पकडलीं गेलीं, आणि त्यांपैकीं पांचशेंच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या.

चोर कागद जाळीत नाहीं. त्या कागदांत असें काय होतें, हें कळल्यावांचून सुप्याचा अर्थ लागत नाहीं.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडील कापसाचे भाव चढले. हातीं पैसा खेळूं लागला, आणि सावकारही मागेल त्याला कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास जमिनीची नवी आकारणी होऊन कांहीं तालुक्यांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. धान्य स्वस्त, सारा जड, आणि सावकार हात आखडून बसलेला !

त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा, असा तो नियम होता. ऋणकोचें रक्षण व्हावें हा हेतु. पण झालें उलटें. दर तिसऱ्या वर्षीं सावकार व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. शंभर रुपये, दरमहा दरशेंकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनीं एकशें बहात्तर. त्याचें नवें खत केलें कीं आणखी तीन वर्षांनीं जवळजवळ दोनशें शहाण्णव, आणि नवव्या वर्षाच्या शेवटीं पांचशें आठ. खत न बदलतां सरळ व्याज धरलें असतें, तर तीनशें सोळाच झाले असते. मधले एकशें ब्याण्णव रुपये शेतांत पिकले नाहींत, ते कागदावर पिकले ! त्या कागदाखालीं अक्षरशून्य कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. वर काय लिहिलें आहे हें त्याला ठाऊक नसे. फिर्याद झाली तर तो पुष्कळदां कोर्टांत जातच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. केवळ दारिद्र्यानें दंगा होतो म्हणावें, तर तो १८७६-७७ च्या महादुष्काळांत व्हावयास हवा होता. त्या दुष्काळानें आमचा सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. दरोडे आणि धान्याच्या चोऱ्या वाढल्या; परंतु खतें जाळण्याचा तसा उठाव झाला नाहीं. पोटांत अन्न नसलेला मनुष्य खडी फोडावयास जातो किंवा गांव सोडतो. सुप्याचा मनुष्य उपाशी नव्हता; कालपर्यंत जें आपलें होतें तें आज डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या घरीं जात असलेलें तो पाहात होता, आणि दाद मागण्याचें दार त्याला बंद दिसत होतें.

म्हणून आम्ही त्यांना निर्दोष ठरवीत नाहीं. तोच धंदा करणारे ब्राह्मण व इतर सावकारही गांवोगांवीं होते. तथापि हल्ला झाला तो बहुतेक मारवाडी आणि गुजर यांवर, कारण ते परके दिसत. रागाला नेहमीं जवळचें आणि एकटें लक्ष्य हवें असतें. सारा ठरविणारा साहेब दूर, कापसाचा बाजार त्याहून दूर. आणि घराच्या चार भिंतींत असें लक्ष्य कोण असतें, हें पालकांना आम्हीं सांगावयास नको. सावकाराच्या दारांत खालीं मान घालून आलेल्या मनुष्याचा हात संध्याकाळीं बायकोवर उठतो. त्या दंग्याची चौकशी करावयास कोणतेंही कमिशन बसत नाहीं.

सुप्यासाठीं मात्र कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. तो पुणें, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खताच्या मागें जाऊन मूळ कर्ज किती होतें हें न्यायाधीशानें पाहावें, आणि कर्जापायीं कोणास तुरुंगांत घालूं नये, असें ठरलें. जें दार बंद होतें, तें थोडें किलकिलें झालें.

दार उघडें असलें म्हणजे काय होतें, हें आमच्या गांवच्या म्हाताऱ्या माणसांनीं पाहिलें आहे. १९७२ चा दुष्काळ लहान नव्हता. परंतु त्या वेळीं रस्त्यांचीं आणि तलावांचीं कामें निघालीं, सुकडी वाटली गेली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यभर सुमारें पन्नास लाख माणसें कामावर होतीं. मोर्चे निघाले, मागण्या झाल्या, पण घरें लुटण्याची साथ पसरली नाहीं. मागेल त्याला काम, हें तत्त्व पुढें १९७७ च्या कायद्यांत आलें. आमच्या मतें शंभर फौजदारांनीं जें झालें नसतें, तें त्या खडीच्या ढिगांनीं केलें.

हें सर्व वर्गांत सांगून झाल्यावर आम्हीं मुलांना घरांतील जुने कागद पाहावयास सांगितलें. चार दिवसांनीं तोच मुलगा आमच्याकडे आला. आजीच्या ट्रंकेंत त्याला आजोबांच्या अंगठ्याचें एक खत सांपडलें होतें. रक्कम त्यानें आजीला मोठ्यानें वाचून दाखविली. ती ऐकून आजी म्हणाली, "एवढे नव्हते घेतले."